लेखकांचा ई-पत्रव्यवहार आणि अभ्यासकांचे उत्तरदायित्व

साहित्यिकांची पत्रे हे वाङ्मयेतिहासाचे महत्त्वाचे साधन होय. जी. ए. कुलकर्णी यांची निवडक पत्रे ग्रंथरूपाने अभ्यासकांस उपलब्ध झाली, कारण ती कागदावर होती आणि ज्यांना आली त्यांनी ती जपली. आजच्या लेखकाचा संस्कृतिविषयक संवाद मात्र बहुतांशी संगणकावरच घडतो. संगणकात साठविलेला मजकूर आपोआप टिकतो, हा समज विद्यापीठीय वर्तुळातही रूढ आहे. तो भ्रामक आहे.

मराठीचा अनुभव याबाबतीत पुरेसा बोलका आहे. १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे प्रमाणक स्वीकारले गेले. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्तीही प्रसिद्ध झाली. तरीही पुढे दीर्घकाळ मराठी अक्षरजुळणी परस्परांशी न जुळणाऱ्या संकेतांच्या फाँटांवर होत राहिली. तो विशिष्ट फाँट हाताशी नसेल, तर फाइल शाबूत असूनही पडद्यावर निरर्थक रोमन चिन्हे उमटतात. कसर न लागताही मजकूर नष्ट होतो, तो असा.

तेव्हा जतनाला धोरण हवे. मजकूर युनिकोडमध्ये आणावा, मूळ फाइलही राखावी, प्रती निरनिराळ्या ठिकाणी ठेवाव्यात आणि त्या वाचता येतात की नाही हे ठरावीक काळाने तपासावे. खाजगी पत्रे केव्हा व कोणास खुली व्हावीत, हे लेखकाच्या हयातीतच लेखी ठरवून घ्यावे. हे काम तंत्रज्ञांचे, असे म्हणून मराठी विभागांना मोकळे होता येणार नाही. कोणता संवाद वाङ्मयेतिहासाचे साधन ठरेल, हा विवेक साहित्याच्या अभ्यासकालाच करावा लागतो. पाठचिकित्सेच्या अभ्यासक्रमात हस्तलिखिताशेजारी संगणकीय संहितेलाही स्थान मिळणे म्हणूनच अगत्याचे आहे.