हौसेला मोल असते!

(द्वितीय वर्ष, कला)

हौसेला मोल नसते, असे आपण नेहमी म्हणतो. ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली त्याच्या खिशात बरेच पैसे असावेत. छायाचित्रणाच्या हौसेपुरते बोलायचे तर तिला मोल असते, आणि ते कोणाला परवडते ह्यावर पुढच्या पुष्कळ गोष्टी ठरतात. म्हणूनच ‘कोणती लेन्स घ्यावी?’ हा वरवर तांत्रिक वाटणारा प्रश्न मला ह्या अंकात मांडावासा वाटतो.

आज प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे; मग कॅमेरा हवाच कशाला, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. दिवसाउजेडी देवळाचे किंवा मित्रांच्या घोळक्याचे चित्र मोबाईल उत्तम घेतो, आणि सुरुवात त्यावरच करावी. परंतु त्याची मुख्य लेन्स बहुधा रुंद दृश्य पकडणारी असते. चेहरा मोठा यावा म्हणून आपण अगदी जवळ गेलो की नाक फुगते आणि कान मागे जातात. रात्री अपुऱ्या उजेडात नाचणारा माणूस तर पुसटच होतो. ज्याला ही उणीव जाणवू लागली त्यानेच कॅमेऱ्याचा विचार करावा.

आणि येथेच गोंधळ सुरू होतो. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत मी पाहिले आहे की, मुले एकमेकांच्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे आधी पाहतात, चित्रांकडे नंतर. मोठमोठी नावे आणि आकडे ऐकून नवखा मुलगा मागच्या बाकावर जाऊन बसतो. आपल्याला छायाचित्रण जमणार नाही असे त्याला वाटू लागते. वास्तविक त्याला फक्त कॅमेऱ्यांच्या किमती पाठ नसतात.

माझ्या मते हा क्रमच उलटा आहे. आधी विषय, मग लेन्स आणि सर्वांत शेवटी कॅमेरा, असा क्रम हवा. माझे वडील गवंडी आहेत. त्यांच्या पिशवीत थापी, ओळंबा, गुण्या, पाणसळ अशी मोजकी हत्यारे असतात. समोरचे काम पाहून ते हत्यार काढतात; हत्यार पाहून काम ठरवीत नाहीत. छायाचित्रकाराने ह्याहून वेगळे का वागावे?

लेन्सवरचे दोन आकडे समजले तरी पुष्कळ काम होते. पहिला आकडा मिलिमीटरचा. तो जितका लहान तितके दृश्य रुंद. जितका मोठा तितके अरुंद आणि जवळचे. मात्र साध्या कॅमेऱ्यातील संवेदक, ज्याला एपीएस-सी म्हणतात, तो ३६ × २४ मि.मी.च्या ‘फुल फ्रेम’हून लहान असतो. त्यामुळे ५० मि.मी.ची लेन्स तेथे ७५ ते ८० सारखी वागते, आणि साध्या दृष्टीच्या जवळपासचे चित्र हवे असेल तर ३५ ची लेन्स घ्यावी लागते. घरातल्या लहान खोलीत ५० ची लेन्स लावून पाठ भिंतीला टेकली तरी सगळी माणसे चौकटीत मावत नाहीत, ते ह्याचमुळे.

दुसरा आकडा ‘एफ’चा. तो जितका लहान तितका उजेड अधिक. कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ ची लेन्स ३५ वर ठेवली तर हा आकडा साधारण ४.५ पेक्षा खाली येत नाही. ३५ मि.मी.च्याच एफ १.८ लेन्समधून त्याच्या सहापट उजेड आत येतो. म्हणजे जेथे शटर सेकंदाचा विसावा भाग उघडे ठेवावे लागे, तेथे सव्वाशेवा भाग पुरतो. शिमग्यात रात्री पालखी नाचविणाऱ्याचा चेहरा पुसला जाणे आणि त्याच्या कपाळावरचा घाम दिसणे, एवढा हा फरक आहे.

मी गेल्या उन्हाळ्यात वडिलांबरोबर कामावर जाऊन साठविलेल्या पैशांतून १८-५५ सह एक जुना कॅमेरा १४,००० रुपयांना घेतला. दुसरी लेन्स घेण्यापूर्वी आठ महिने काहीच खरेदी केले नाही. चित्र किती मि.मी.वर घेतले ह्याची नोंद कॅमेरा स्वतःच प्रत्येक चित्राबरोबर ठेवतो. ती नोंद चाळली तेव्हा माझी निम्म्याहून अधिक चित्रे ३५ च्या आसपासची निघाली. मग सल्ला कोणाला विचारायचा उरलाच नाही. मित्रहो, ही नोंद फुकट आहे. प्रत्येकाने खरेदीपूर्वी ती पाहावी.

जुनी लेन्स घेताना एवढे तपासावे. ती आपल्या कॅमेऱ्याला बसते का, आणि बसल्यावर फोकस आपोआप होतो का? निकॉनच्या डी ३५०० सारख्या प्राथमिक कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते. तेथे जुन्या ‘एएफ-डी’ लेन्सचा फोकस हातानेच करावा लागतो. दुसरे, लेन्समधून टॉर्चचा उजेड आरपार टाकून पाहावा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी होय. सौदा तेथेच सोडावा.

ह्यावर एक आक्षेप येईल : पक्ष्यांचे चित्र ३५ ने कसे घेणार? नाहीच घेता येणार. त्याला ३०० मि.मी. किंवा अधिकच हवे. साधने निरर्थक आहेत असे माझे म्हणणे नाही. परंतु महाग साधन म्हणजे मोठी कला हे मला मान्य नाही. आंरी कार्तिये-ब्रेसाँ यांनी आपले बहुतेक काम एका ५० मि.मी. लेन्सवर केले. नवसारीत जन्मलेल्या आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या होमाय व्यारावाला (१९१३–२०१२) यांच्या दोन भिंगांच्या रोलायफ्लेक्सवरची लेन्स तर बदलताच येत नसे. त्या पायांनी पुढेमागे झाल्या असतील. देशाचा इतिहास मात्र त्यांनी टिपला.

आता मुख्य मुद्दा. आमच्या घरात आजीचे एकच छायाचित्र आहे, आणि तेही ओळखपत्रावरचे. आमच्या वाडीतील नमन-खेळ्यांची, मृदंग वाजविणाऱ्या हातांची, चिऱ्याच्या खाणीवरच्या बायांची चित्रे काढली ती बहुधा बाहेरून आलेल्यांनी. ती वाईट आहेत असे नाही. पण त्यांत कोणाचे नाव नसते. ही माणसे ज्यांच्या घरची आहेत त्यांच्या हाती कॅमेरा आला पाहिजे. प्रत्येकाने १४,००० रुपये जमवावेत असे म्हणणे मात्र क्रूरपणाचे होईल.

म्हणून माझी सूचना अशी. महाविद्यालयाने एक मोठा, महाग कॅमेरा घेण्याऐवजी त्याच पैशात दोन साधे कॅमेरे, ३५ ची एक एफ १.८ लेन्स, ७०-३०० ची एक लेन्स आणि एक तिपाई घ्यावी. ग्रंथालयातील पुस्तकांप्रमाणे नोंदवहीत सही घेऊन ती आठवड्यासाठी विद्यार्थ्यांना द्यावीत. संस्थेची वस्तू बिघडू नये म्हणून कुलपात ठेवण्याची आपल्याकडे रीत आहे. पण कोकणच्या पावसाळ्यात अंधारे, दमट, बंद कपाट हीच बुरशीची आवडती जागा. हवाबंद डबा, सिलिका जेलच्या पुड्या आणि सततचा वापर ह्यांनी लेन्स अधिक टिकेल.

एखादी लेन्स पडेल, फुटेलही. पुस्तकेही फाटतात, म्हणून ग्रंथालय कोणी बंद करीत नाही. प्राचार्य आणि प्राध्यापकवर्ग पुढील शिमग्यापूर्वी ह्या सूचनेचा विचार करतील अशी आशा आहे. नोंदवही सांभाळण्याचे काम करावयास मी तयार आहे.