नाव मराठीत लिहिलं, हा गुन्हा?

गेल्या शनिवारी राहुरीला घरी गेलो होतो. बाबांचं खतांचं दुकान आहे. गिऱ्हाइकांची नावं त्यांनी मराठीत सेव्ह केलेली. जुन्या मेल प्रोग्राममधून सीएसव्ही काढून नव्यात भरली, सिंक झालं, आणि फोनवरसुद्धा नंबर शाबूत पण नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं! सपोर्टवाला म्हणतो, "नावं इंग्लिशमध्येच लिहायची ना सर."

का म्हणून? देवनागरी युनिकोडमध्ये १९९१पासून आहे. २०११च्या व्हीकार्ड ४.०ने तर यूटीएफ-८ सक्तीचं केलं. पण विंडोजच्या ज्या जुन्या एएनएसआय कोडपेजांत मराठीला जागाच नव्हती, तिथेच काहींचा एक्सपोर्ट अजून अडकलाय.

अक्षरं नुसती विचित्र दिसत असतील, तर एन्कोडिंग बदलून नावं बहुतेक वेळा परत येतात. प्रश्नचिन्ह सेव्ह झालं की मूळ अक्षर गेलंच. आणि सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. ते चूकसुद्धा इमानेइतबारे सगळीकडे पोचवतं. म्हणून आधी सिंक बंद करा, यूटीएफ-८मध्ये फाइल काढा, नोटपॅडमध्ये उघडून नावं वाचा, मगच इम्पोर्ट.

बाबा आता एकेक नंबर लावून विचारतायत, "कोण बोलतंय?" लाज त्यांना वाटतेय. वाटायला हवी आपल्याला, कोड लिहिणाऱ्यांना.