पडद्यावरचा नेम

भोकरदन तालुक्यातील धावड्यापासून मुंबईच्या चाळींपर्यंत आज असंख्य मुले भ्रमणध्वनीच्या पडद्यावरील एका लाल ठिपक्याला डोळा लावून बसतात. ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ या खेळात बंदुकीची दुर्बीण जमिनीवर पडलेली सापडते. दुप्पट, चौपट, आठपट, हवी ती उचलावी, बसवावी आणि गोळी झाडावी. भिंगातली फुली कोणी कोरली, हा प्रश्न तेथे उद्भवतच नाही.

प्रत्यक्षात ती फुली कसबी हातांचे काम आहे. सतराव्या शतकात विल्यम गॅस्कॉइनने दुर्बिणीत कोळ्याच्या जाळ्याचा धागा वापरला, तेव्हापासूनची ही परंपरा. आपल्या सैन्याची दृष्टियंत्रे देहरादूनच्या सरकारी कारखान्यात बनतात. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ मोडून त्याच्या सात कंपन्या करण्यात आल्या. तत्पूर्वी जूनमध्येच संपबंदीचा अधिकार सरकारला देणारा वटहुकूम निघाला होता. खेळाच्या चाहत्यांना याची वार्ताही नाही.

मग खेळावर बंदी घालावी काय? सुबुद्ध मंडळी तसे म्हणतात खरे. परंतु २ सप्टेंबर २०२० रोजी ‘पबजी’वर बंदी आली ती देशाच्या सुरक्षेचे कारण देऊन, मुलांच्या काळजीने नव्हे; आणि २०२१ मध्ये कोरियन कंपनीने तोच खेळ नवे नाव देऊन परत आणला. बाजाराला दार बदलायला वेळ लागत नाही.

खऱ्या नेमबाजीकडे पाहू. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल प्रकारात ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक जिंकले. या स्पर्धेत दुर्बीण चालत नाही. मागे बारीक छिद्र, पुढे माशीच्या जागी कडे, आणि त्या कड्याच्या मधोमध लक्ष्याचा काळा गोल. श्वाससुद्धा आवरून धरावा लागतो. शिक्षकाच्या घरातल्या या मुलाला २००९ मध्ये शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीने हात दिला, पुढे रेल्वेने नोकरी दिली. रायफल आणि काडतुसांचा खर्च शेतकरी कुटुंबाला झेपणारा नव्हे, हे सांगायला नको. (बंदुकीचे स्तोम माजवावे, असा याचा अर्थ नाही.)

धावड्याच्या मुलाचा डोळा कांबळवाडीच्या मुलाहून अधू नाही. दहा मीटर हवाई रायफलीच्या सरावाला एक लांब बंदिस्त खोली, काही रायफली आणि जाणता शिक्षक एवढे पुरते. तालुक्याच्या ठिकाणी ही सोय व्हावी, असा ठराव ग्रामसभांतून करवून घेऊन कार्यकर्त्यांनी तो जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांपुढे ठेवावा.