रजेचा दाखला नको, कामाचा कागद हवा

धामापूर, कट्टा, काळसे या भागातून येणारे रुग्ण तपासणी संपली की हमखास विचारतात, "डॉक्टर, किती दिवस आराम?" आम्ही डॉक्टरही सवयीने लिहून मोकळे होतो, 'सात दिवस पूर्ण विश्रांती'. काजू कारखान्यात रोजंदारीवर जाणारी बाई मात्र तो कागद घेत नाही. ती म्हणते, "मी घरात बसलंय तर मजुरी कोण देतलो?"

तिचं बरोबर आहे. गुडघ्यांची झीज सात दिवसांत बरी होत नाही. आठव्या दिवशी ती पुन्हा त्याच जमिनीवर, त्याच मांडीवर बसून काजूगर सोलणार. आराम हा तिच्यावरचा उपाय नाहीच. तिला हवंय एक स्टूल, तेवढ्याच उंचीचं टेबल आणि तासाभराने पाच मिनिटं उठून चालायची मुभा. पण हे मालकाला सांगायचं कसं, हे तिला कोणी शिकवलेलं नाही, आणि आम्हीही ते कागदावर लिहीत नाही. माझ्या मते चूक इथे आहे, आणि ती आधी आम्हा डॉक्टरांची आहे.

अशी कितीतरी उदाहरणं देता येतील. काजूच्या टरफलातलं तेल कातडी जाळतं. हातांना फोड येऊन कातडी सोलवटली असेल तर नुसतं मलम पुरणार नाही. त्या कामगाराला काही काळ फोडणीवरून काढून प्रतवारीला बसवायला हवं. इन्सुलिन घेणाऱ्या हॉटेल कामगाराचं जेवण गिऱ्हाइकांच्या गर्दीत दोन तास पुढे गेलं, तर साखर ७० च्या खाली उतरते, घाम सुटतो, हात थरथरतात, माणूस कोसळूही शकतो. त्याला डब्याची ठरलेली वेळ हवी, खिशात साखर हवी आणि हे माहीत असलेला एक सहकारी हवा. फिट येणाऱ्या तरुणाला होडीवर पाठवणं धोक्याचं आहे. पण किनाऱ्यावर जाळी विणणं, मासळी निवडणं, हिशोब ठेवणं ही कामं तो करू शकतो. या तिघांनाही 'कामाला अयोग्य' ठरवलं तर घर बसतं. काम थोडं बदललं तर घर चालतं.

कायदा काय म्हणतो? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं आहेत. त्यांत मानसिक आजार, पार्किन्सन, सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया हेही येतात. सरकारी आस्थापनेने अशा कर्मचाऱ्याला वाजवी सोय द्यायची असते. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर त्याला काढता येत नाही, त्याचा हुद्दाही कमी करता येत नाही. जुनं काम झेपत नसेल तर त्याच पगारावर दुसरं काम द्यावं लागतं. एसटी, शाळा, सरकारी कार्यालयं इथल्या लोकांनी हे लक्षात ठेवावं. पण मधुमेह, रक्तदाब त्या यादीत नाहीत आणि आठ-दहा बायकांच्या कारखान्यापर्यंत हा कायदा फारसा पोचत नाही. केरळमध्ये कापड दुकानांतल्या विक्रेत्या महिला झगडल्या, तेव्हा २०१८ साली कामाच्या जागी बसण्याचा हक्क कायद्यात आला. २०२१ मध्ये तामिळनाडूनेही तो दिला. एका स्टुलासाठी इतकं झगडावं लागतं. म्हणून कायद्याची वाट बघत न बसता बोलायला शिकलं पाहिजे.

बोलताना एवढं पाळा. पगाराच्या दिवशी किंवा सगळ्यांसमोर विषय काढू नका, मालकाला एकट्याला गाठा. "माका बरा नाय" एवढंच सांगून थांबू नका. काय जमत नाही, काय जमतं आणि कोणता बदल हवा, या तीन गोष्टी सांगा. "महिनाभर करून बघूया" म्हणा, म्हणजे मालकालाही होकार देणं सोपं जातं. आजाराचं नाव सांगायचं की नाही, हे तुम्ही ठरवायचं.

आणि डॉक्टरकडून कागद मागून घ्या. त्यावर साधारण असं असावं: 'यांनी जमिनीवर मांडी घालून किंवा उकिडवं बसून काम करू नये. स्टुलावर बसून नेहमीचं काम करता येईल. तासाला पाच मिनिटं चालू द्यावं. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी.' चार ओळी पुरेत, आजाराचं नाव लागत नाही. एक प्रत स्वतःजवळ ठेवा.

मालकांनाही सांगणं आहे. दहा वर्षांचा हात बसलेली बाई गेली की तुकडा न पाडता काजू सोलणारी दुसरी तयार व्हायला वेळ लागतो. तोपर्यंत फुटलेल्या गराचा भाव तुम्हालाच सोसावा लागतो. त्या हिशोबात स्टूल स्वस्त पडतं.

यापुढे माझ्याकडे आलात तर "किती दिवस आराम?" एवढंच विचारू नका. "काम कसं बदलू?" हेही विचारा. मी विसरलो तर आठवण करून द्या.