मांडवात सीतेची वेणी हवी
या आठवड्यात मैत्रिणींबरोबर ऑर्किडचं प्रदर्शन पाहिलं. फॅलेनॉप्सिसच्या जांभळ्या-पांढऱ्या रांगांपुढे सेल्फीसाठी झुंबड होती, आणि आमची एक मैत्रीण टांगलेल्या वँडाची उघडी मुळं पाहून हळहळली, ‘अगं, माती घालायचीच राहिली वाटतं!’ त्या जाड, रुपेरी मुळांवरचं सच्छिद्र आवरण पाऊस आणि दव शोषून घेतं. मातीत दडपली तर ती कुजतील. झाडावर वाढणारी ही ऑर्किडं झाडाचा रस पीत नाहीत, नुसता आधार घेतात. तरी आपल्याकडे त्यांना सरसकट बांडगूळ ठरवून खरवडतात, याचा मला फार राग येतो. पावसाळ्याच्या तोंडावर सह्याद्रीत जुन्या झाडांवरून गुलाबी-पांढऱ्या झुपक्यांनी लोंबणारी सीतेची वेणी हे असंच एक ऑर्किड; ती आसामचं राज्यफूल आहे, तिथे बिहूला ती केसांत माळतात. आमच्या या प्रदर्शनाच्या मांडवात मात्र तिचं एक रोपही नव्हतं. महाराष्ट्रातल्या प्रदर्शनात पहिला मान तिचाच! फक्त रोप रोपवाटिकेत वाढवलेलं हवं, जंगलातून ओरबाडलेलं नको. तिचं धुळीइतकं बारीक बी अन्नसाठ्याविना जन्मतं, निसर्गात योग्य बुरशी भेटली तरच रुजतं, आणि फुलावर यायला पुढे कित्येक वर्षं घेतं.