घरांतील यंत्रें : इंजिन जोडलें, पण सुरू होईना

जुन्या फियाटचें इंजिन संपूर्ण उघडून पुन्हां जोडलें. पेट्रोल येतें, ठिणगीही पडते, तरी तें नुसतें फिरतें व मधूनच कार्ब्युरेटरमधून उलट भडका उडतो. अशा वेळीं घरांतील वडील मंडळी मिस्त्रीला बोल लावतात आणि तरुण मंडळी इंजिन पुन्हां उघडावयास निघतात. वाचकहो, दोघांनीही क्षणभर धीर धरावा. दुरुस्तींत ज्याला हात लागला, तेथूनच शोध करावा.

पिस्टन वरच्या टोंकास दोनदां येतो : एकदां मिश्रण दाबतांना, एकदां धूर लोटतांना. ठिणगी हवी ती दाबतांना. डिस्ट्रिब्यूटर अर्धा फेरा उलटा बसला, तर ती भलत्याच वेळीं पडते.

परीक्षा सोपी आहे. चावी बंद ठेवून सर्व प्लग काढावे. पहिल्या सिलिंडरच्या भोंकावर अंगठा ठेवावा व दुसऱ्यानें इंजिन हातानें सावकाश फिरवावें. वारा अंगठा लोटूं लागला व पुलीवरील खूण जुळली, कीं थांबावें. मग डिस्ट्रिब्यूटरचें टोपण काढून रोटर पाहावा. त्याचें तोंड पहिल्या तारेऐवजीं चौथीकडे असेल, तर चोर सांपडला! डिस्ट्रिब्यूटर नीट बसवून तारा १, ३, ४, २ या क्रमानें लावाव्या.

रोटर योग्य जागीं असूनही इंजिन हटून बसलें, तर टायमिंगच्या खुणा मिस्त्रीकडूनच तपासून घ्याव्या. ही मोटार आतां कारखान्यांतून निघत नाहीं. तिचें मर्म जाणणारा मिस्त्री रागाच्या भरांत गमावूं नये.