मात्रा आणि वजनकाटा



“मुलाचे वजन चार किलोंनी वाढले, मग गोळीही वाढवायला नको का?” एडीएचडीसाठी, म्हणजे अवधानाचा अभाव आणि अतिचंचलता या विकारासाठी, औषध चालू असलेल्या मुलांचे पालक हा प्रश्न हमखास विचारतात. प्रश्न अगदी स्वाभाविक आहे. तापात दिल्या जाणाऱ्या पॅरासिटामॉलची मात्रा मुलाच्या वजनावरच ठरते; एका वेळी दर किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम हा हिशेब बालरोगतज्ज्ञ तोंडपाठ सांगतात. त्यातून आपली घरे व्यापाऱ्यांची. कापूस असो, अकोल्याच्या दालमिलमधील तूर असो, काट्यावर चढल्यावाचून आपल्याकडे व्यवहार पुढे सरकत नाही. जितके वजन, तितके मोल, हे आपल्या अंगवळणी पडले आहे.

या विकारावरील मुख्य औषध मात्र या हिशेबात बसत नाही. त्याचे नाव मिथाइलफेनिडेट. १९४४ साली स्वित्झर्लंडमधील बासेल येथे सीबा कंपनीचे रसायनशास्त्रज्ञ लिआंद्रो पानिझॉन यांनी ते प्रथम तयार केले आणि पुढे ‘रिटालिन’ या नावाने ते बाजारात आले. पानिझॉन यांच्या पत्नीचे नाव मार्गारिट, लाडके नाव रिटा. औषधाचे नाव त्यावरूनच पडले. हे उत्तेजक औषध असूनही चंचल मूल त्याने स्थिरावते, याचे अनेकांना नवल वाटते. मेंदूतील डोपामिन आणि नॉरअॅड्रेनलिन या द्रव्यांचा प्रभाव ते वाढवते, त्यामुळे मन आवरण्याची आणि लक्ष टिकवण्याची शक्ती बळावते. मुलाला गुंगी आणून गप्प बसवणारे हे औषध नव्हे.

आता वजनाविषयी. समजा, एकाच एकत्र कुटुंबात दोन चुलतभाऊ आहेत. एकाचे वजन २४ किलो, दुसऱ्याचे ४६. दोघांनाही हाच विकार. धाकट्याला दिवसाला २० मिलिग्रॅम लागावेत आणि थोरल्याचे १० मध्येच भागावे, असे प्रत्यक्षात घडू शकते. याचे कारण पोटातून रक्तापर्यंतच्या वाटेवर आहे. गिळलेल्या मिथाइलफेनिडेटपैकी सरासरीने जेमतेम तीस टक्के औषध रक्तात पोहोचते. उरलेले बरेचसे यकृताच्या पहिल्याच नाक्यावर मोडले जाते. तेथे कार्बोक्सिलएस्टरेज-१ नावाचे विकर त्याचे निष्क्रिय अशा रिटालिनिक आम्लात रूपांतर करते. हे विकर कोणात चपळ तर कोणात मंद असते, आणि तो वारसा जनुकांतून येतो. शरीराच्या जाडीशी त्याचा संबंध नाही. शिवाय रक्तात सारखेच औषध असले, तरी प्रत्येकाचा मेंदू त्याला सारखाच प्रतिसाद देईल असेही नाही.

वजनावरून मात्रा बांधण्याचे प्रयत्न झाले नाहीत, असे नाही. १९७७ साली रॉबर्ट स्प्रेग आणि एस्थर स्लीटर यांनी किलोमागे ०.३ मिलिग्रॅम आणि किलोमागे १ मिलिग्रॅम अशा दोन मात्रांची तुलना केली. त्या प्रयोगात मुलांचे शिकणे कमी मात्रेवर अधिक सुधारले, तर शिक्षकांना मुलांचे वागणे जास्त मात्रेवर अधिक सुधारलेले दिसले. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो. वर्गात शांत बसलेले मूल आणि शिकत असलेले मूल एकच असेल असे नाही, आणि मात्रा कोणाच्या सोयीसाठी वाढवली जात आहे, हे पालकांनी प्रत्येक वेळी स्वतःला विचारायला हवे. पुढे अमेरिकेतील एमटीए या मोठ्या अभ्यासात ५७९ मुले होती; त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये आले. तेथे वजनाचा विचार मुख्यतः मात्रेची वरची मर्यादा आखण्यापुरता झाला. त्या मर्यादेच्या आत निरनिराळ्या मात्रा देऊन, पालक आणि शिक्षक यांच्या नोंदी पाहून प्रत्येक मुलाची मात्रा निश्चित केली गेली.

आजही पद्धत तीच आहे. लहान मात्रेपासून, बहुधा ५ मिलिग्रॅमपासून, प्रारंभ करायचा आणि आठवड्या-आठवड्याने एकेक पायरी चढत जायचे. लाभ पुरेसा दिसला, की तेथेच थांबायचे, वजनाचे कोष्टक काहीही म्हणो. आरंभापूर्वी नाडी व रक्तदाब पाहिला जातो आणि घराण्यात कोणाला तरुणपणी हृदयविकार झाला होता का, हे विचारले जाते. ते लपवू नये.

एक अपवाद सांगायला हवा. अॅटोमॉक्सेटिन हे याच विकारावरील दुसरे औषध. ते उत्तेजक वर्गातील नाही. त्याची मात्रा मात्र ७० किलोपर्यंतच्या मुलांमध्ये खरोखरच वजनावर ठरते. आरंभी किलोमागे ०.५ मिलिग्रॅम आणि पुढे सुमारे १.२. तथापि तेथेही यकृत आपले म्हणणे मांडतेच. ‘सीवायपी २डी६’ हे विकर ज्यांच्यात जवळजवळ निष्क्रिय असते, त्यांच्या रक्तात तेवढ्याच मात्रेने कित्येक पट औषध साठते. म्हणून एका औषधाचा हिशेब दुसऱ्याला लावू नये आणि थोरल्या भावाची उरलेली गोळी धाकट्याला तर मुळीच देऊ नये.

मग वजनकाटा माळ्यावर टाकायचा का? नाही. त्याचे खरे काम येथूनच सुरू होते. मिथाइलफेनिडेटने भूक मंदावते. दुपारचा डबा तसाच परत येतो. काही मुलांचे वजन घटते, काहींच्या उंचीची वाढ थोडी मंदावते. दहा वर्षांपर्यंतच्या मुलाचे वजन दर तीन महिन्यांनी आणि उंची सर्वच मुलांची दर सहा महिन्यांनी नोंदवावी, असे ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. दुकानातला काटा बिनचूक असेल तर तोही चालेल. मात्र दर वेळी तोच काटा आणि अंगावर तितकेच हलके कपडे असावेत.

आपल्या घरांसाठी याच ठिकाणी एक विशेष अडचण उभी राहते, आणि ती आपण सांगितल्याशिवाय डॉक्टरांच्या लक्षात येणार नाही. साध्या गोळीचा प्रभाव सुमारे चार तास टिकतो; दीर्घकाळ चालणाऱ्या गोळ्यांचा प्रकारानुसार आठ ते बारा तास. प्रभाव ओसरला की दडपलेली भूक एकदम उफाळून येते. सकाळी सातला घेतलेली बारा तासांची गोळी सायंकाळी सातला ओसरते. डिसेंबरात अमरावती-अकोल्याकडे सूर्य पावणेसहाच्या सुमारासच मावळतो. घरात चौविहार किंवा रात्रिभोजनत्याग असेल, तर मुलाला दुपारी भूक नव्हती म्हणून ते जेवले नाही, आणि भूक लागली तेव्हा चूल थंड झालेली. असे दोन-तीन महिने गेले, की काट्यावर मूल उतरलेले दिसते आणि दोष औषधाच्या माथी जातो. कित्येकदा औषधच बंद होते.

उपाय अवघड नाही. डॉक्टरांना पहिल्याच भेटीत घराची भोजनवेळ सांगावी. आठ तासांची किंवा साधी गोळी दिली, तर दुपारी तीन-चारपर्यंत भूक परतते आणि सूर्यास्तापूर्वी पोटभर जेवण होते. मिथाइलफेनिडेट अन्नासह घेतले तरी चालते, म्हणून सकाळची न्याहारी आधी आणि भरपूर द्यावी. तूप लावलेली ज्वारीची भाकरी, घट्ट वरण, दही, मूठभर शेंगदाणे. मुलाच्या दिवसभराच्या शिदोरीचा मोठा वाटा येथेच बांधला जावा. सोबत कडक चहा नको. चहातील कॅफिन आणि हे औषध मिळून छातीत धडधड वाढवतात.

पर्युषणात किंवा दशलक्षण पर्वात मुलाला एकासन वा उपवास करायचा असेल, तर त्या दिवसाची गोळी द्यावी की नाही, हे आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारावे. औषधाने भूक जाणवत नाही म्हणून ‘उपवास किती सहज झाला’ असे कौतुक करणे योग्य नाही. शरीराला अन्नाची आणि पाण्याची गरज तेवढीच असते. ज्याचे वजन आधीच उतरले आहे, त्या मुलाच्या तपाविषयी महाराजसाहेबांशी मोकळेपणाने बोलावे. औषध कॅप्सूलच्या रूपात असेल, तर तिचे आवरण बहुधा जिलेटिनचे, म्हणजे प्राणिज असते, याचीही येथेच आठवण करून देतो. गोळीच्या रूपातील औषध मिळेल का, हे विचारण्यात संकोच नसावा. दीर्घकाळ चालणारी गोळी मात्र कुटून देऊ नये, एरवी दिवसभराची मात्रा एकदमच अंगात जाते.

खरेदीचीही तजवीज लागते. मिथाइलफेनिडेट आपल्याकडे अनुसूची ‘एक्स’मध्ये आहे. चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि त्यांतील एक औषधविक्रेता दोन वर्षे जपून ठेवतो. दुकानदार ओळखीचा आहे म्हणून तो चिठ्ठीविना देणार नाही, आणि दिले तर ते त्याच्या परवान्यावर बेतेल. हे आपल्या समाजातील औषधविक्रेत्या बंधूंना वेगळे सांगायला नको. प्रत्येक मेडिकलमध्ये ते असतेच असे नाही, म्हणून शिखरजीच्या यात्रेला किंवा आजोळी निघण्यापूर्वी साठा मोजून घ्यावा. वैशाखात आपल्याकडे पारा ४५च्या आसपास जातो, तेव्हा गोळ्या मोटारीत किंवा पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नयेत.

अद्याप निदानच झालेले नसेल, तर १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. २०१३ मध्ये त्याचा आरंभ आपल्याच राज्यात, पालघर येथे झाला, आणि त्याच्या तपासणीच्या यादीत हा विकार समाविष्ट आहे. अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातही दाखवता येईल. घरून निघण्याआधी केवळ बोलून पाहायचे असेल, तर ‘टेली-मानस’चा १४४१६ हा क्रमांक निःशुल्क आहे.